राज्याचे विज्ञान व तंत्रज्ञान धोरण आणि त्याचे निर्देशक : नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

नियोजन विभागात, राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान आयोगात किंवा एखाद्या विद्यापीठाच्या धोरण अभ्यास केंद्रात नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीकडे 'राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरणाचे प्रारूप निर्देशकांसह सादर करावे' असे काम आले, की पहिला मोह होतो तो केंद्राच्या धोरणाची प्रत समोर ठेवून जिथे 'देश' आहे तिथे 'राज्य' लिहिण्याचा. केंद्राने १९५८, १९८३, २००३ आणि २०१३ अशी चार वेळा आपली भूमिका जाहीर केलेली असल्याने मजकुराला तोटा नसतो. मात्र असा दस्तऐवज मंजूर झाला तरी त्यातून एकही निर्णय निघत नाही, कारण केंद्राच्या हातातील साधने आणि राज्याच्या हातातील साधने वेगळी आहेत. या लेखात महाराष्ट्राचे उदाहरण धरून हे काम कोणत्या क्रमाने करावे ते मांडले आहे. मुख्य सूत्र एवढेच, की राज्यात होणारे संशोधन आणि राज्य सरकारच्या निर्णयाने होणारे संशोधन हे दोन हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

पहिली पायरी : राज्याच्या हातात काय आहे ते पाहणे

सुरुवात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून करावी. भारत सरकारच्या पैशावर चालणाऱ्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या वैज्ञानिक शिक्षणसंस्था, विशेष संशोधनासाठीच्या केंद्रीय संस्था आणि उच्च शिक्षण व संशोधनाच्या दर्जाचे समन्वयन हे विषय संघ सूचीत ६४ ते ६६ या नोंदींमध्ये येतात. याउलट शेती, आणि तिच्यासोबत कृषी शिक्षण व संशोधन, पीकरोग व कीड प्रतिबंध हे राज्य सूचीच्या १४व्या नोंदीत आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि बव्हंशी पाणी हेही राज्याचेच विषय. राज्याचे विज्ञान धोरण मुख्यतः शेती, आरोग्य, पाणी, राज्य विद्यापीठे आणि उद्योगांना दिल्या जाणाऱ्या सवलती यांच्याभोवती उभे राहते ते यामुळे. अणुऊर्जा किंवा अवकाश संशोधनावर त्यात चार पाने लिहिली, तर ती केवळ वाचनीय ठरतील.

त्यानंतर संस्थांची यादी करावी. त्यात संस्था कुठे आहे, तिला पैसा कोण देतो आणि तिच्यावर नियंत्रण कोणाचे, असे तीन रकाने असावेत. महाराष्ट्रात भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची 'नीरी' (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ही सारी मोठी नावे केंद्राच्या गटात जातात. राज्याच्या गटात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे, मुंबईची हाफकिन संस्था, नाशिकची 'मेरी' अर्थात महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा आणि अकृषी विद्यापीठे उरतात. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेसारख्या सहकारातून उभ्या राहिलेल्या संस्था कोणत्याच चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवण्यात कमीपणा मानू नये.

राज्य जितके लहान, तितका हा फरक मोठा होतो. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा खर्च आकड्यात धरला की राज्याचे चित्र एकदम उजळते आणि वगळला की झाकोळते. गोवा सरकारने स्वतः नेमके काय केले, हे यांपैकी कोणताही आकडा सांगत नाही.

दुसरी पायरी : संशोधन कशाला म्हणायचे ते लेखी ठरवणे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे वाद इथेच जन्माला येतात. इटलीतील फ्रास्काती येथे १९६३ मध्ये झालेल्या बैठकीतून तयार झालेली आणि २०१५ मध्ये अखेरची सुधारलेली फ्रास्काती पुस्तिका ही जगभरात यासाठी आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार एखादे काम संशोधन व विकास ठरण्यासाठी ते नवे असावे लागते, ते सर्जनशील असावे लागते, त्याचा निकाल आधी ठाऊक नसावा लागतो, ते पद्धतशीर असावे लागते आणि त्यातून आलेले ज्ञान दुसऱ्याला वापरता किंवा पडताळता यावे लागते. पाचही कसोट्या एकदम लागू व्हाव्या लागतात.

कसोट्या वाचायला सोप्या आहेत, लावायला नाहीत. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम अत्यंत मोलाचे असले तरी ते ठरावीक पद्धतीचे मोजमाप आहे, आणि युनेस्कोच्या वर्गीकरणात ते 'वैज्ञानिक व तांत्रिक सेवा' या गटात जाते. त्याच यंत्रणेतील भूवैज्ञानिकांनी याच नोंदींच्या आधारे काळ्या कातळात पुनर्भरण नेमके कसे होते याचे नवे प्रतिमान बांधायला घेतले, तर त्यांचा तेवढा वेळ संशोधनात धरावा. 'मेरी'मध्ये धरणाच्या काँक्रीटचे ठोकळे दाबून तपासणे ही सेवा. स्थानिक खनिजे वापरून काँक्रीटचे नवे मिश्रण तयार करणे हे संशोधन. हाफकिनच्या बाबतीत लसनिर्मिती करणारे महामंडळ आणि संशोधन संस्था यांचे हिशेब वेगळे आहेत हे ठाऊक नसल्यास उत्पादनाचा सगळा खर्च संशोधनात जमा होतो आणि आरोग्य संशोधनाचा आकडा विनाकारण फुगतो.

सेवा संशोधनात धरत नाहीत म्हणून त्या धोरणातून वगळाव्यात, असा याचा अर्थ नाही. माती परीक्षण, हवामान नोंदी, भूजल मोजणी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा या राज्याच्या वैज्ञानिक क्षमतेचा कणा आहेत आणि सामान्य नागरिकाचा विज्ञानाशी येणारा संबंध बहुतेकदा त्यांच्यातूनच येतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता करावा. दोन्ही तक्त्यांची बेरीज मात्र कधीही करू नये.

मनुष्यबळाचे मोजमाप डोकी मोजून होत नाही. कृषी विद्यापीठातील प्राध्यापक शिकवतो, संशोधन करतो आणि विस्तार कार्यही करतो. एखाद्या विभागातील दहा प्राध्यापक वर्षातील सरासरी ४० टक्के वेळ संशोधनाला देत असतील, तर ते चार पूर्णवेळ समतुल्य संशोधक होतात. देशात दहा लाख लोकसंख्येमागे २६२ संशोधक असल्याचा जो आकडा केंद्राच्या सांख्यिकीत येतो, तो पूर्णवेळ समतुल्य पद्धतीने काढलेला आहे. त्याच्या शेजारी आपल्या राज्यातील नुसती डोकी मांडली, तर तुलना निरर्थक ठरते. वेळेची ही वाटणी कुलसचिवांकडून न मागवता विभागप्रमुखांकडून मागवावी. कुलसचिव कार्यालयातून बहुधा मंजूर पदांचा तक्ता येतो, आणि त्यात रिक्त पदेही गुण्यागोविंदाने संशोधन करत असतात.

तिसरी पायरी : अर्थसंकल्पातून पैसा शोधणे

नवख्या माणसाला वाटते की 'इतर वैज्ञानिक संशोधन' या ३४२५ क्रमांकाच्या मुख्य लेखाशीर्षाखाली राज्याचा संशोधन खर्च सापडेल. तिथे त्याचा लहानसा तुकडा सापडतो. मोठा भाग २४१५, अर्थात 'कृषी संशोधन व शिक्षण' या लेखाशीर्षाखाली असतो, आणि तोही शिक्षणात मिसळलेला. आरोग्य, पाटबंधारे, वने, उच्च व तंत्रशिक्षण या विभागांतील संशोधन त्या त्या विभागाच्या लेखाशीर्षांत विखुरलेले असते. देशभर राज्य सरकारांच्या संशोधन खर्चात शेतीचा वाटा सर्वांत मोठा आहे, तेव्हा शोधाची सुरुवात २४१५ पासून करणेच शहाणपणाचे.

लेखाशीर्ष सापडले की उद्दिष्ट शीर्षापर्यंत, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला हे सांगणाऱ्या सर्वांत खालच्या शीर्षापर्यंत, उतरावे. सहायक अनुदाने (वेतन) आणि सहायक अनुदाने (वेतनेतर) असे जे दोन आकडे तिथे दिसतात, ते वेगळे काढावेत. माझ्या मते राज्याच्या संशोधनाविषयी सर्वांत बोलका निर्देशक यातूनच निघतो, तो म्हणजे दर पूर्णवेळ समतुल्य संशोधकामागे वेतनेतर खर्च किती. वेतन वाढले की एकूण संशोधन खर्च वाढलेला दिसतो, आणि रसायने, बियाणे, प्रक्षेत्रावरील मजुरी, उपकरणांची देखभाल यांसाठी पैसा नसलेली प्रयोगशाळा त्या वाढीमागे झाकली जाते.

आकडे प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यातले घ्यावेत. अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज हे इरादे असतात. प्रत्यक्ष खर्च अर्थसंकल्पीय प्रकाशनांत मागच्या वर्षांचाच मिळतो, आणि तेवढा उशीर पत्करावा. दुसरी काळजी दुहेरी मोजणीची. परभणीच्या विद्यापीठाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून प्रकल्प मिळाला, तर तो पैसा परिषदेच्या तक्त्यातही दिसतो आणि विद्यापीठाच्याही. एकूण खर्च नेहमी काम करणाऱ्या संस्थेच्या बाजूने मोजावा आणि पैसा कोणाकडून आला हे त्याच ओळीत दुसऱ्या रकान्यात नोंदवावे. असे केले की आरंभी सांगितलेले दोन हिशेब एकाच तक्त्यातून निघतात.

चौथी पायरी : निर्देशक निवडणे

निवडीसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. हा आकडा पुढच्या वर्षी घसरला, तर राज्य सरकारातील कोणता अधिकारी कोणता निर्णय बदलेल? उत्तर देता आले नाही, तर तो निर्देशक परिशिष्टात टाकावा. या चाळणीतून पहिल्या वर्षी दहा-बारा निर्देशक उरले, तर ते भरपूर झाले. नीती आयोगाच्या भारत नवोन्मेष निर्देशांकात २०२१ च्या आवृत्तीत ६६ निर्देशक होते, आणि मोठ्या राज्यांत महाराष्ट्र २०२० मधील दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर आला. या घसरणीवर बातम्या झाल्या, पण दोन वर्षांत मोजण्याची यादीच मोठ्या प्रमाणात बदललेली असताना नेमके काय बिघडले हे त्या क्रमांकावरून सांगणे अवघड आहे. संमिश्र निर्देशांक मंत्र्यांच्या भाषणासाठी उपयोगी पडतो. विभागाच्या आढावा बैठकीत त्याचे घटकच कामाला येतात.

देशाच्या एकूण संशोधन खर्चाचे सकल देशांतर्गत उत्पन्नाशी असलेले प्रमाण २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होते आणि २०१३ च्या धोरणाने ते दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 'राज्यही दोन टक्के गाठेल' असे वाक्य प्रारूपात लिहिण्याचा आग्रह कोणीतरी हमखास धरते. त्याला विनयाने नकार द्यावा. देशाच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी क्षेत्राचा ३६.४ टक्के आणि राज्य सरकारांचा अवघा ६.७ टक्के आहे. ज्या आकड्याचा एवढा लहान भाग आपल्या हातात आहे, त्याचे लक्ष्य ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या कामाची हमी घेणे होय. त्याऐवजी राज्याच्या स्वतःच्या महसुली खर्चात संशोधनाचे प्रमाण किती, याचे लक्ष्य ठेवता येते आणि त्याचा जाबही विचारता येतो.

पेटंटची संख्या हा आणखी एक सापळा आहे. अर्ज बहुधा मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावरून होतो, त्यामुळे प्रयोगशाळा बंगळूरला असली तरी पेटंट मुंबईचे गणले जाऊ शकते. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाल्यानंतर महाविद्यालयांकडून होणारे अर्ज हा काही वेळा मूल्यांकनाचे गुण मिळवण्याचाही मार्ग झाला. म्हणून दाखल अर्जांऐवजी मंजूर झालेल्या आणि काही वर्षांनंतरही नूतनीकरण शुल्क भरून जिवंत ठेवलेल्या पेटंटची संख्या घ्यावी. तिसऱ्या वर्षापासून हे शुल्क लागू होते, आणि ज्या शोधातून काही निघत नाही त्यासाठी पदरचे पैसे कोणी फार काळ भरत नाही. पेटंटचा प्रत्यक्ष वापर होतो का याचे विवरण नमुना २७ मध्ये द्यावे लागते, तेही जरूर पाहावे.

शेतीसाठी निर्देशक घडवणे अधिक सोपे आहे, कारण इथे शोध शेतापर्यंत पोहोचण्याची साखळी नोंदलेली असते. राहुरीच्या विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने सोयाबीनचा फुले संगम हा वाण दिला. अशा वाणाबाबत 'किती वाण प्रसारित केले' हे मोजून थांबू नये. पैदासकार बियाणे, त्यातून पायाभूत बियाणे आणि त्यातून प्रमाणित बियाणे, या प्रत्येक टप्प्याला किती हंगाम लागले, आणि राज्यात वाटल्या गेलेल्या प्रमाणित बियाण्यात गेल्या दहा वर्षांतील वाणांचा वाटा किती, हे मोजावे. हा आकडा अडला, तर तो प्रयोगशाळेत अडला की बीजोत्पादनात, हे लगेच कळते आणि निर्णय घेणारा अधिकारीही ओळखता येतो.

पाचवी पायरी : उद्योगांकडून माहिती मिळवणे

शासकीय आकडे कष्टाने का होईना मिळतात. उद्योगांचे मिळत नाहीत. आरंभीची यादी म्हणून केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाने मान्यता दिलेल्या कंपन्यांची संशोधन केंद्रे घ्यावीत आणि उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणाच्या नमुन्यातून त्यात भर घालावी. प्रश्नावली दोन पानांची आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावी. संशोधनाची जागा कोणती, हे जिल्ह्यासह विचारावे. मध्यम कारखान्यांत 'संशोधन' म्हणून वेगळा विभाग नसतो. तिथे हे काम उत्पादन विकास, साचेघर किंवा गुणवत्ता विभागात चालते, म्हणून प्रश्न विभागाच्या नावाने न विचारता कामाच्या स्वरूपाने विचारावा. पत्र व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे जाईल, पण दूरध्वनी लेखा विभागाला करावा.

सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ अन्वये राज्य शासनाला अशी माहिती मागवण्याचा अधिकार आहे आणि दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. अधिकारापेक्षा बंधनाचा उल्लेख पत्रात आधी केल्यास प्रतिसाद बरा मिळतो. हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या साहाय्याशिवाय करू नये.

सहावी पायरी : जिल्ह्यांपर्यंत उतरणे, पण जपून

निर्देशकांचे पुढे काय होते हे महाराष्ट्राइतके क्वचितच कोणत्या राज्याने अनुभवले असेल. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये क्षेत्रवार निर्देशक घेऊन राज्याच्या सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली आणि सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मांडला. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली, पुढे विजय केळकर समिती आली, आणि प्रत्येक वेळी कोणता निर्देशक धरायचा यावरच मुख्य वाद झाला. ज्या दिवशी निर्देशक निधीवाटपाशी जोडला जातो, त्या दिवसापासून तो केवळ माहिती राहत नाही, हे त्यातून लक्षात घ्यावे. जिल्हानिहाय संशोधन खर्चाचा तक्ता छापण्यापूर्वी त्यावरून कोण कोणता दावा करील याचा विचार झालेला असावा.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण पाहावे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार असून 'लायगो-इंडिया' या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. बांधकाम जोरात असताना दरडोई संशोधन खर्च मोजला, तर हिंगोली पुण्यालाही मागे टाकू शकेल. त्याच जिल्ह्यात वसमत येथे राज्य शासनाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राला मंजुरी दिली आहे, आणि हळद उत्पादकाला कंदकुज रोखणारी पद्धत किंवा सुधारित बेणे मिळते की नाही हे त्या केंद्रावर अवलंबून राहील. खर्चाच्या तक्त्यात वेधशाळेपुढे ते केंद्र दिसणारही नाही. म्हणून जिल्हा पातळीवर संशोधनाचा खर्च न मोजता संशोधनाचा वापर मोजावा: नव्या बेण्याखालील क्षेत्र, माती परीक्षणाचा अहवाल हाती येण्यास लागणारे दिवस, उपजिल्हा रुग्णालयात होणाऱ्या तपासण्यांची यादी. संशोधन काही ठिकाणी एकवटणे स्वाभाविक आहे. त्याचा उपयोग एकवटणे मात्र राज्याच्या धोरणाचे अपयश मानावे लागेल.

सातवी पायरी : अग्रक्रम आणि प्रारूप

अग्रक्रम थोडे असावेत. स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या सरकारने २०१४ मध्ये प्रगत उत्पादन, ऊर्जा आणि जैवविज्ञान व आरोग्य असे तीनच अग्रक्रम घेतले, कारण त्या क्षेत्रांत त्यांच्याकडे कारखाने आणि प्रयोगशाळा दोन्ही होते. आपल्याकडे प्रत्येक विभागाचा विषय यादीत घेण्याची सवय असल्याने यादी वीसवर जाते आणि तिचे विषयपत्रिकेत रूपांतर होते. ज्या क्षेत्रात राज्याची संस्था आहे, राज्यात वापरणारा आहे आणि निर्णय राज्याचा आहे, तीच क्षेत्रे घ्यावीत. तिन्ही अटी एकत्र लावल्या की यादी आपोआप आखडते.

प्रारूप लिहिणे हा त्या मानाने सोपा भाग आहे. संबंधित विभागांचे अभिप्राय घ्यावेत, हरकती व सूचनांसाठी ते संकेतस्थळावर ठेवावे, आणि वित्त विभागाकडे नस्ती पाठवण्यापूर्वी प्रत्येक नव्या योजनेपुढे लेखाशीर्ष लिहिलेले असावे. ते नसल्यास नस्ती त्याच शेऱ्यासह परत येते. मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर शासन निर्णय निघतो. त्यात निर्देशकांची यादी, प्रत्येकाची व्याख्या, माहिती देणारा अधिकारी आणि माहितीची तारीख हे परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावे. अधिकारी पदनामाने नमूद करावा, कारण बदल्या होत राहतात.

आठवी पायरी : दरवर्षी छापणे

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी विधिमंडळात सादर होते. निर्देशकांना तिच्यात एक कायमचा तक्ता मिळवून देणे हे स्वतंत्र, गुळगुळीत अहवाल काढण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरते, कारण अहवालाचा निधी एखाद्या वर्षी थांबू शकतो, पाहणी थांबत नाही. तक्त्यात अस्थायी आकडा कोणता आणि अंतिम कोणता हे चिन्हाने दाखवावे. व्याख्या बदलावी लागली, तर त्या वर्षी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही व्याख्यांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी द्यावेत. एखाद्या संस्थेने माहिती दिली नाही, तर तिच्यापुढे मागील वर्षाचा आकडा उचलून ठेवू नये. 'माहिती प्राप्त नाही' असेच छापावे. आपल्या संस्थेच्या नावापुढे हे तीन शब्द विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या पुस्तकात दिसले, की पुढच्या वर्षीचा तक्ता ती संस्था बहुधा मुदतीपूर्वीच पाठवते.